दुसऱ्या बेसची माती

ओकी बेट, ७ जून

चि. सेइजी,

चार वर्षांनी पत्र येतंय आणि तेही दुसऱ्याच्या अक्षरात, म्हणून आधीच सांगून टाकतो. बोलतोय मी, तुझा इवासे सर. लिहितेय तुझी फुमिएकाकू. माझं मनगट मुरगळलंय. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. ती म्हणाली, तू आमागासाकीला एका दुकानात असतोस, बेसबॉलच्या सदऱ्यांवर शाळांची नावं शिवतोस. बरं वाटलं. तुझ्या हातची नावं तरी मैदानात उतरतात.

इथं आता स्क्विड वाळत घातलेत. सोबत चार बांधलेत.

(तीन आहेत. एक यांनी काल खाल्ला. – फुमिए)

मी मार्चमध्ये निवृत्त झालो. आपली शाळाही गेली, पलीकडच्या गावच्या शाळेत मिसळली. मैदानावर गुडघाभर गवत आहे. एकतीस वर्षं मी पोरांना पळवलं. दर उन्हाळ्यात आपल्या प्रांतातून एकच शाळा देशभरच्या स्पर्धेसाठी कोशिएनच्या मैदानावर खेळायला जाते, आणि एकतीस वर्षांत ती शाळा आपली कधीच नव्हती. तू दुसऱ्या बेसवर होतास त्या वर्षी सगळ्यांत जवळ गेलो. असो.

तुझ्या घरापासून कोशिएन दहा मिनिटांवर आहे असं ऐकतो. ऑगस्टमध्ये सामने सुरू झाले की एक दिवस जा, आणि तिथं काय असतं ते मला लिही. रेडिओवरचा माणूस नुसत्या धावा सांगतो. त्याला दुसरं काही दिसतच नाही की काय कोण जाणे.

(हे पत्र पाठवायचं की नाही यावर तीन दिवस गेलेत. उत्तराला तू तीन दिवस लावू नकोस. – फुमिए)

तुझा,
इवासे

•

आमागासाकी, १९ जून

आदरणीय इवासे सर व काकू यांस,

पत्र मिळाले. उत्तरास बारा दिवस लागले याबद्दल क्षमा असावी. हे पत्र मी तीनदा लिहून काढले. पहिल्या दोन्ही वेळी एकेक अक्षर चुकले होते.

येथे हवा फार दमट आहे. दोरा ओलसर होऊन यंत्रात तुटतो. स्क्विडबद्दल आभार. आमचे मालक ताकेउचि यांनी एक इस्त्रीच्या फळीवरच भाजला, त्यामुळे एका शाळेच्या अठरा सदऱ्यांना वास लागला. मी घाबरलो. ते म्हणाले, "चालतंय रे, कोळ्यांचीच शाळा आहे. पोरांना घरच्यासारखं वाटेल."

माझी प्रकृती चांगली आहे. आपण आईजवळ शिफारसपत्र दिले होते त्या संध्याकाळच्या शाळेत माझा अभ्यास ठीक चालला आहे.

कोशिएनबद्दल लिहिताना संकोच वाटतो. संघात आलो त्या पहिल्याच दिवशी आपण आम्हां सर्वांना उभे करून सांगितले होते, "तिथं बघ्या म्हणून पाय ठेवायचा नाही. जायचं तर खेळायला जायचं." ते मी पाळले आहे. माल पोचवायला मला रेल्वेने त्या स्थानकावरून जावे लागते. तेव्हा मी डोंगराच्या बाजूला तोंड करून बसतो, कारण मैदान समुद्राच्या बाजूला आहे. एकदा बसायला जागा नव्हती म्हणून उभ्या उभ्या डोळे मिटून घेतले. शेजारच्या बाईंना वाटले मला गाडी लागली. त्यांनी पुदिन्याची गोळी दिली.

शिवाय आपण कोणीच तेथे पोचलो नाही ते माझ्या हातून चेंडू सुटल्यामुळे. हे आपणांस माहीत आहे. मग मी एकट्याने जाऊन आरामात बसणे बरोबर होणार नाही. कृपया राग मानू नये.

मनगटाला मीठ घातलेल्या गरम पाण्याचा शेक द्यावा.

आपला विद्यार्थी,
तोदा सेइजी

•

ओकी बेट, २८ जून

सेइजी,

हे पत्र मी एकटीच लिहितेय. ते केस कापायला गेलेत.

त्यांचं मनगट ठणठणीत आहे. डोळे गेलेत. काचबिंदू. कडेचं सगळं काळं झालंय, समोर बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच दिसतं. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत तेही जाईल.

मी म्हटलं, "मग आत्ताच चला ना कोशिएनला. मी हात धरते."

तर म्हणे, "एकतीस वर्षं पोरांना जे सांगितलं ते म्हातारपणी मोडू? आणि नळीतून काय बघणार? एका वेळी एक बूट दिसेल."

"मग तोदाच्या पोराला कशाला पाठवताय? त्याला नियम नाही वाटतं?"

हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "बाकीची पोरं चेंडू बघायची. तो एकटा जमीन बघायचा."

ते खरंच आहे. संघाचे कपडे एकतीस वर्षं मीच धुतले. बाकीच्यांच्या विजारींना मांडीवर चिखल असायचा, घसरल्याचा. तुझ्या फक्त गुडघ्यांवर. आपल्या जागेवरचे खडे गुडघे टेकून वेचत बसायचास. ते डाग निघायला सगळ्यांत कठीण. तुला मनात किती शिव्या दिल्या असतील मी.

अजून एक. प्रांताचा तो अंतिम सामना झाला, त्या दिवसाचं काहीतरी यांच्या घशात अडकलंय. जेवता जेवता मध्येच थांबतात आणि भाताकडे बघत बसतात. मला सांगत नाहीत. तुला सांगतील असं वाटतं, पण डोळे गेल्यावर पत्रात सांगणं आणखी अवघड होईल. म्हणून म्हणते, जाऊन ये. ते तुझ्याशी बोलायला निमित्त शोधताहेत, ते त्यांना मिळू दे.

डोळ्यांचं मी कळवलं हे त्यांना कळू देऊ नकोस. दार वाजलं. आले.

फुमिएकाकू

•

आमागासाकी, ५ जुलै

आदरणीय इवासे सर,

मी जाईन. नियम आपला होता व आपणच मला त्यातून सोडवीत आहात, असे मी समजतो.

१४ ऑगस्टला दुकान बंद आहे. तोपर्यंत कामाची घाई राहील, कारण प्रांतोप्रांतीचे विजेते ठरले की त्यांचे नवे सदरे येतात. त्या दिवशी नेमके काय काय पाहायचे ते आधी कळवावे, म्हणजे माझ्याकडून काही राहणार नाही.

काकू, यापुढचा मजकूर मोठ्याने वाचू नये. आपले पत्र मिळाले. वाचून दिवसभर यंत्रावर बसवले नाही. मी सरांना एक खोटे लिहिले आहे. संध्याकाळच्या शाळेत मी तीनच महिने गेलो. वर्गात कोणी "तू कुठल्या शाळेचा?" असे विचारले की पुढे "म्हणजे तो अंतिम सामना हरले ते?" असे विचारतील, याची भीती वाटे. ज्यांना दिसत नाही त्यांना खोटे लिहिणे अधिक वाईट, असे वाटते. त्यांना हे कसे सांगावे ते कृपया कळवावे.

आपला विद्यार्थी,
तोदा सेइजी

•

ओकी बेट, १६ जुलै

चि. सेइजी,

"काकू, यापुढचा मजकूर मोठ्याने वाचू नये," हे वाक्य तुझ्या काकूने मोठ्याने वाचलं. मग थांबली. मी म्हटलं, "आता थांबून काय उपयोग? वाच."

(सवय आहे रे. डोळ्यासमोर आलं की तोंडातून जातं. – फुमिए)

तर मी मनगटाचं खोटं बोललो, तू शाळेचं. फिट्टंफाट. पुन्हा जायचं मनात आलं तर शिफारसपत्र पुन्हा देतो. सही वाकडी येईल, एवढंच.

आता काय बघायचं ते. कोण जिंकलं ते मला रेडिओ सांगेल, त्यात डोकं घालू नकोस. माती बघ. तिचा रंग कसा. ओली असताना कशी दिसते, वाळताना कुठून वाळते. पाणी कसं मारतात. चेंडू पडल्यावर किती उडतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये, तू उभा राहायचास तिथं, तो पोरगा काय करतो. तिथं म्हणे चेंडू कधी वेडावाकडा उडत नाही. मला ते खरं वाटत नाही. तू बघून सांग.

माती मात्र आणू नकोस. तिथं हरलेल्या पोरांनी ती ओंजळीने भरून न्यायची असते. आपण तिथं हरलेलोही नाही.

(तिथं विकतचं काहीबाही खाऊ नकोस. भाताचा गोळा करून ने. वाळवलेलं काळं समुद्री शेवाळ पाठवतेय, आपल्या खडकावरचं. गोळा पूर्ण झाकेल असं गुंडाळ, मी करायचे तसं. – फुमिए)

इवासे

•

आमागासाकी, १५ ऑगस्ट

आदरणीय इवासे सर,

काल गेलो. आजही सुट्टी आहे, म्हणून सकाळपासून लिहीत बसलो आहे. काकू, हे सर्व मोठ्याने वाचावे.

स्थानकावर उतरलो तेव्हा सवयीने माझे तोंड डोंगराकडे होते. मागून लोकांचा लोंढा आला व त्यानेच मला वळवले. समोर भिंत होती. तिच्यावर हिरवी वेल वरपर्यंत चढली आहे. त्या भिंतीजवळ मी बराच वेळ उभा राहिलो. तिकीट घामाने भिजले. दारावरचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काय रे, आत जायचंय की वेलीला पाणी घालायचंय?"

मी म्हणालो, "पहिल्यांदाच आलोय."

"मग टोपी काढून जा."

ते थट्टेत म्हणाले की खरेच ते कळले नाही. मी टोपी काढली.

आत काळोखा जिना आहे. वर पोचलो आणि सर्व आवाज बंद झाला असे वाटले. बंद झाला नव्हता, दोन्हीकडचे बँड वाजत होते. मीच ऐकायचा थांबलो होतो.

माती काळी आहे, सर. टीव्हीवर तपकिरी दिसते ते चूक आहे. ओली असताना ती काकूंच्या शेवाळासारखी दिसते, त्याच रंगाची, तशीच किंचित चमकणारी. मी भाताचा गोळा हातात धरून दोन्ही रंग ताडून पाहिले. वाळताना ती आधी कडेने, बेसच्या रेषांजवळ राखी होते. मधला भाग शेवटपर्यंत काळा राहतो. आपल्या मैदानावर उलटे होई. आपल्याकडे मधला भाग आधी वाळे, कारण तेथे सर्वांची पावले पडत.

पाणी मारायला आठ माणसे लांबलचक नळी खांद्यावर घेऊन एकामागे एक धावतात. पुढचा पाणी जमिनीवर मारत नाही. आकाशाकडे उडवतो, व ते बारीक होऊन आपोआप खाली येते. त्यामुळे माती दबत नाही. हे मी सहा वेळा पाहिले. एकदाही पाणी आदळले नाही.

पाचव्या डावानंतर दाताळी घेऊन माणसे येतात. त्यांतला एक माझ्याच वयाचा होता. त्याने दुसऱ्या बेसजवळचा भाग सारखा केला, परत निघाला, मागे वळून पाहिले, पुन्हा दोन पावले मागे आला आणि गुडघा टेकून एक जागा हाताने सारखी केली. बाकीचे रेषेबाहेर त्याच्यासाठी थांबले होते. कोणी त्याला हाक मारली नाही. मी त्याच्याकडे इतका पाहत राहिलो की मध्येच सामना सुरू झाल्याचे मला कळलेच नाही.

माझी जागा पहिल्या बेसच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत होती. शेजारी संत्र्यांच्या बागा असलेल्या दक्षिणेकडच्या गावाहून एक आजोबा व आजी आले होते. त्यांच्या गावची शाळा खेळत होती. आजोबा सारखे ओरडत, "अरे, बॅट आहे ती, छत्री नव्हे!" आजी म्हणाल्या, "मग तुम्ही जा की उतरून. जिना चढताना गुडघे धरून बसला होता."

चेंडूचे म्हणाल तर तो सरळ उडतो. मी प्रत्येक टप्पा पाहिला. जेवढा उडायला हवा तेवढाच उडतो. आपणांस खरे वाटणार नाही हे मला माहीत आहे, परंतु मी तिसऱ्या रांगेतून पाहिले आहे.

आता आठव्या डावाचे लिहितो. संत्र्यांच्या गावची शाळा एका धावेने पुढे होती. बेसवर समोरच्यांची दोन मुले होती. एक साधा सरपटता चेंडू त्यांच्या दुसऱ्या बेसवाल्याकडे गेला. दोनच टप्पे. माती निर्दोष होती, टप्पा निर्दोष होता. आणि तरी तो त्याच्या हातमोज्याला लागून निसटला. दोन्ही मुले धावून आली व समोरच्यांच्या दोन धावा झाल्या.

मी उठून उभा राहिलो. आजी म्हणाल्या, "बसा हो, मागच्यांना दिसत नाही."

त्या मुलाने पायाखाली पाहिले. तो खडा शोधत होता. मला माहीत आहे, मीही तसेच पाहिले होते. तेथे खडा नव्हता, सर. चेंडू फेकणारा त्यांचा पिचर चालत आला, त्याने चेंडू त्याच्या हातमोज्यात ठेवला, त्याच्या टोपीवर एक टपली मारली व काहीतरी म्हणाला. मुलगा हसला नाही, पण त्याने मान वर केली. माझ्या शेजारचे आजोबा, जे दिवसभर ओरडत होते, ते म्हणाले, "सुटतो कधी कधी." एवढेच. मग शेंगा सोलू लागले.

सर, मला आपणांस एक सांगायचे आहे. चार वर्षांत हे मी कोणालाच सांगितलेले नाही. अंतिम सामन्याच्या आधी त्या परक्या मैदानावर मी माझ्या जागेवरचे खडे वेचत होतो. डाव्या बाजूला तीन वीत जागा राहिली होती. ती तशीच सोडून मी रांगेत जाऊन उभा राहिलो. शेवटच्या डावात आपण एका धावेने पुढे होतो, समोरचे दोघे बाद होते, तिसरा बाद झाला की आपण जिंकणार होतो, आणि चेंडू नेमका तेथेच पडून माझ्या खांद्यावरून उडाला. ती जागा मी सोडायला नको होती. घरी परतताना बोटीवर आपण माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. मला वाटले, मी काम अर्धवट सोडल्याचे आपणांस कळले आहे. म्हणून मी शाळा सोडली. आईला काम मिळाल्याचे सांगितले. काम नंतर मिळाले.

संत्र्यांचे गाव हरले. भोंगा वाजला. मुले बाकासमोर बसून बुटांच्या पिशव्यांत माती भरू लागली. तो दुसऱ्या बेसवाला मात्र चालत आपल्या जागेपर्यंत गेला, तिथली एक मूठ त्याने घेतली आणि उरलेली जागा तळहाताने सारखी करून परत आला.

तेवढ्यात समुद्राकडून वारा उठला. मैदान तोपर्यंत वाळले होते, त्यामुळे काळा लोट सरळ आमच्यावर आला. आजी म्हणाल्या, "घ्या, आता डोळ्यांतही कोशिएन!" माझ्या गळ्यात बर्फाच्या पाण्याने भिजलेला टॉवेल होता. तो तोंडावर धरला. खाली घेतला तेव्हा काळा झाला होता.

मी माती उचललेली नाही. आपला शब्द मोडलेला नाही. ती आपण होऊन आली. टॉवेल घडी करून सोबत पाठवत आहे. आपण तो बोटांनी चोळून पाहावा. फार बारीक आहे. पाहिल्यावर जे वाटेल ते कळवावे.

काकू, टॉवेल धुऊ नये.

आपला विद्यार्थी,
तोदा सेइजी

•

ओकी बेट, २१ ऑगस्ट

सेइजी,

धुतला रे.

पार्सल अठरा तारखेला सकाळी आलं. हे पडवीत बसले होते. दोरी सोडली तर वर टॉवेल, काळाकुट्ट, घामट. पत्र खाली होतं. एकतीस वर्षांचा हात आहे माझा. बेसबॉलचा मळका कपडा दिसला की तो मला विचारत नाही. पत्र उघडायच्या आधी टॉवेल टबात होता. साबण लावून दोनदा चोळला, पिळला, दोरीवर टाकला. मग हात पुसून यांच्याजवळ वाचायला बसले.

सगळं वाचलं. मध्ये दोनदा यांनी "थांब" म्हटलं, थांबले. तीन वीत जागेचं आलं तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मी वाचत राहिले. शेवटची ओळ मात्र मी मनातच वाचली.

"पुढे वाच."

"संपलं पत्र."

"एवढ्यात? बरं, टॉवेल दे."

मी पत्राची घडी घालू लागले.

"फुमिए. टॉवेल कुठाय?"

"दोरीवर."

दोरीच्या दिशेने मान वळवली. मग एकदम हसायला लागले, इतके की ठसका लागला. म्हणाले, "एकतीस वर्षं डाग राहिला, डाग राहिला म्हणून माझं डोकं खाल्लंस. आज आयुष्यात एक डाग राहायला हवा होता, तर तोही काढलास!" मला रडू आलं. ते हसताहेत आणि मी रडतेय. शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावून गेल्या.

मग त्यांनी विचारलं, "पाणी टाकलंस का?"

नव्हतं टाकलं. धुण्याचं पाणी मी वांग्यांना घालते. टब तसाच होता, तळाशी काळा गाळ. यांनी टबात हात घातला आणि बोटं चोळत राहिले. खूप वेळ. शेवटी म्हणाले, "बारीक आहे. बरोबर लिहितो पोरगा."

दोघांनी दोन कान धरून टब शाळेच्या मैदानावर नेला. अर्धं पाणी माझ्या पायांवर सांडलं, गाळ मात्र तळाशीच होता. फलंदाज उभा राहतो तिथून यांनी पावलं मोजली. गवतात ठेचकाळले, पण माझा हात धरेनात. मी म्हटलं, "इथंच दुसरा बेस होता ना? ओतू?" तर म्हणे, "बेसवर नाही. तो उभा राहायचा तिथं. अजून इकडे. अजून." मग गुडघ्यावर बसले, जमीन चाचपली आणि म्हणाले, "हं. इथं."

ओतलं. थोडा साबणही गेला, त्याला इलाज नाही.

आता ते स्वतः बोलताहेत. जसंच्या तसं लिहितेय.

सेइजी, तू पत्रात एक गोष्ट गाळलीस. ती जागा तू आपण होऊन सोडली नाहीस. मी ओरडलो म्हणून सोडलीस. "तोदा! कोंबडीसारखा काय टिपत बसलास? रांगेत ये!" असं मी म्हणालो. सगळा संघ हसला. तू उठलास. तीन वीत राहिल्या होत्या हे मला दिसत होतं, तेव्हा माझे डोळे चांगले होते. दोन मिनिटांचं काम होतं. पण समोरचा संघ रांगेत उभा राहिलेला, आणि माझी पोरं मागे पडलेली दिसू नयेत असं मला वाटलं. एवढ्यासाठी.

बोटीवर मी तुझ्याकडे बघितलं नाही, कारण तोंड नव्हतं. म्हटलं उद्या सांगू. परवा सांगू. तेरवा तू गेलेला होतास. तू माझ्यावर रागावून शाळा सोडलीस असं मी चार वर्षं धरून चाललो. आणि तू माझं ओरडणं या पत्रातही लिहिलं नाहीस. का रे? मला वाईट वाटेल म्हणून? मी सर आहे तुझा, मला थोडं वाईट वाटू द्यायचंस.

तिथं खडा नव्हता आणि तरी सुटला, हे मी काकूला तीनदा वाचायला लावलं. तो शेंगा खाणारा म्हातारा आपल्या संघाला मिळायला हवा होता. मला ते तीन शब्द एकतीस वर्षांत एकदाही सुचले नाहीत. आज म्हणतो. उशीर झालाय, पण म्हणतो. सुटतो कधी कधी.

टब ओतला तेव्हापासून मी रोज सकाळी मैदानावर जाऊन थोडं गवत उपटतो. बोटांना दिसतं. तुझ्या जागेवरचं अर्धं झालंय. खड्यांचं मात्र मला जमत नाही. बी कुठलं आणि खडा कुठला ते कळत नाही.

(दोनदा शेळीच्या लेंड्या वेचून आणल्या. – फुमिए)

ये एकदा. नळीतून अजून थोडं दिसतं. त्यात एक माणूस मावतो.

इवासे

•

आमागासाकी, २५ ऑगस्ट

आदरणीय सर व काकू यांस,

पत्र मिळाले. दुकानातच वाचले. वाचून होईपर्यंत यंत्र चालूच राहिले होते, त्यामुळे एका शाळेच्या नावावर चाळीस टाके जास्त पडले. ताकेउचि मालकांनी पाहिले. ते म्हणाले, "चार वर्षांत तुझी ही पहिली चूक. आता घरी जाऊन ये बाबा, नाहीतर दुसरीही करशील." त्यांनी पाच दिवसांची सुट्टी दिली आहे.

२९ तारखेच्या सकाळच्या बोटीने येत आहे. सोबत लाकडी दाताळे आणत आहे. ते गाडीत आडवे धरावे की उभे, हे अजून ठरलेले नाही. काल माल घेऊन त्या स्थानकावरून गेलो. समुद्राच्या बाजूला बसलो होतो. वेल दिसली.

काकू, टॉवेलबद्दल अजिबात वाईट वाटून घेऊ नये. मी तो माझ्याजवळ ठेवला असता तर एखाद्या पेटीत घडी करून ठेवला असता व तो तिथेच राहिला असता. जिथे ती माती पोचायला हवी होती तिथे ती मला पोचवता आली नसती.

सर, ओरडण्याचे मी का लिहिले नाही, असे आपण विचारले आहे. चारदा लिहिले होते. पाचव्यांदा पत्र स्वच्छ लिहून काढताना तेवढे वाक्य सोडले. हाक मारणे हे आपले कामच होते, व ऐकणे माझे, असे वाटले.

२९ तारखेला दुपारी मी थेट मैदानावर जाईन. आपण कडेला बसावे, उन्हात बसू नये. त्या परक्या मैदानावर राहिलेल्या तीन वीत आपल्या मैदानावर आधी करीन, मग बाकीचे. गवत उपटल्यावर खाली किती खडे निघतील ते सांगता येत नाही, त्यामुळे वेळ लागेल. फार वेळ लागेल. काकूंनी जेवायला बोलावले तरी लागेल.

एवढीच विनंती आहे, की या वेळी माझे पूर्ण होईपर्यंत हाक मारू नये.

आपला,
सेइजी